झुंबरबाईंनी खुरपलेला समुद्र

पडदा वर जातो तेव्हा समोर एक पत्र्याची पडवी दिसते. आळे गावाच्या उगवतीच्या मळ्यातली. डाव्या अंगाला कांद्याच्या गोणींची थप्पी, उजव्या अंगाला फवारणीचा पंप आणि खुंटीला अडकवलेलं खुरपं. आणि बरोबर मधोमध, जिथं एखाद्या घरात झोपाळा असता, तिथं लोखंडी घोडीवर चार फूट लांबीची काचेची टाकी. वर निळसर नळ्यांचा झगझगीत उजेड. एवढी प्रकाशयोजना म्हणजे आत काहीतरी भन्नाट चाललेलं असणार, असं कुणालाही वाटावं. पण दिसत काहीच नाही. काचेला, दगडांना, नळ्यांना हिरव्या केसांची जावळं फुटलेली. जणू बाहेरचा पडदा उठला आणि आतला पडलेलाच राहिला.

साल दोन हजार चार, वैशाख महिना. शेतातून झुंबरबाई प्रवेश करतात. वय बासष्ट, उंची बेताची, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातावर कोपरापर्यंत चिकटलेली माती. त्या टाकीपुढं उभ्या राहतात, डोळे बारीक करतात आणि आतून येणाऱ्या लेकाला म्हणतात, "गोकुळ, ह्ये तण हाय."

"आये, तण न्हाई त्ये. शेवाळ हाय."

"न लावता उगवतं, लावलेल्याचं खातं, उपटलं तरी माघारी येतं. मग तण न्हाई तर काय पावणं हाय?"

ह्या बाईंना तणाबद्दल बोलायचा अधिकार होता. माहेर आंबेगाव तालुक्यातलं लोणी. सोळाव्या वर्षी गेणभाऊंशी लग्न होऊन आळ्याला आल्या, त्या खुरपं हातात घेऊनच म्हणा ना. डावखुऱ्या. खुरपणीच्या बायकांच्या रांगेत त्या कडेला बसायच्या, कारण त्यांचा हात उलटा चालायचा आणि शेजारणीला कोपर लागायचं. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या वाफ्यात हराळी दोन वर्षं तोंड दाखवत नसे. लोक म्हणायचे, झुंबरबाई तण उपटत नाहीत, तणाला गाव सोडायला लावतात. त्यांचं एक सांगणं होतं आणि ते नव्या सुनांना रानात बसवून त्या शिकवायच्या: तण दिसलं की मूळ बघावं, आणि मूळ दिसलं की ते काय खातंय ते बघावं.

आता समुद्रापासून दीडशे किलोमीटरवरच्या ह्या पडवीत समुद्र आला कसा?

गोकुळ हा त्यांचा एकुलता एक. नव्वद साली तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात विजेच्या कामाला लागला. हॉटेलच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिचे पंप, तिचे दिवे बघता बघता गोकुळ आतल्या जिवांतही गुंतला. बाहेरून काळजी घ्यायला येणारा माणूस आजारी पडला तेव्हापासून टाकी गोकुळच्याच हवाली झाली, ती आठ वर्षं. मग दोन हजार तीन साली हॉटेल नव्यानं बांधायला बंद झालं. टाकी भंगारात जायची होती. साहेब म्हणाले, नेतोस तर ने.

गोकुळनं नेली. वाशीच्या मार्केटला भाजी उतरवून रिकामा परतणारा आळेफाट्याचा टेम्पो त्यानं गाठला. निळ्या पिंपांतून समुद्राचं पाणी, त्यात बुडवलेले जिवंत दगड आणि प्रवाळ. थर्माकोलचा एक डबा मात्र माळशेज घाटाच्या प्रत्येक वळणावर त्याच्या मांडीवर. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे ओढलेल्या माशांची जोडी. टाकी लागली आणि ते मासे पहिल्यांदा पाण्यात कुल्ले हलवत, ठुमकत निघाले तेव्हा झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "ह्ये तर आपल्या नारायणगावच्या तमाशातलं सोंगाडे!" तेव्हापासून त्यांचं नाव तेच.

तेरा वर्षांनी लेक घरी राहायला आला होता. आळेफाट्याला त्यानं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान टाकलं. सून नूतन अंगणवाडीत रुजू झाली. झुंबरबाईंचं घर भरलं.

आणि मग हे हिरवं संकट आलं. होळीच्या सुमारास दगडांवर चार केस दिसले. पाडव्याला त्याची दाढी झाली. अक्षय्यतृतीयेला टाकीतला सगळ्यात देखणा प्रवाळ, पसरलेल्या छत्रीसारखा, ज्याच्या सावलीत सोंगाड्यांची जोडी झोपायची, तो त्या केसांखाली मिटला तो मिटलाच. गोकुळनं खाणं कमी केलं, दिव्यांचे तास बारावरून आठवर आणले. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. शेजारचे सावळाराम रोज सकाळी बांधावरून ओरडायचे, "काय गोकुळशेठ, शेवाळाला काय बाजार हाय आज? जुन्नरला नेताय का थेट वाशी?"

गोकुळ हसण्यावारी न्यायचा. पण एका दुपारी फोन वाजला. हॉटेल दिवाळीनंतर पुन्हा सुरू होणार होतं; नवी टाकी, जुन्याच्या दुप्पट. माणूस पाहिजे होता. फोन ठेवून गोकुळ मिटलेल्या छत्रीकडं वळला आणि नूतनला म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघतो. छत्री उघडली तर ऱ्हायचं. न्हाई उघडली तर ह्ये सगळं टेम्पोत भरायचं आन् मुंबई गाठायची. एक टाकी घरात जगवता येईना, मग इथं मी कशाचा कारागीर?"

भिंतीपलीकडं झुंबरबाई भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी जळाली. गोकुळ मुंबईला गेला त्या दिवसानंतर, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून बाई रिंगणात उतरल्या. पाटावर उभ्या राहिल्या. सौभाग्याच्या काचेच्या बांगड्या काढायच्या नाहीत, म्हणून त्या कोपरावर सारून चिंधीनं बांधल्या, आणि डावा हात समुद्रात घातला. अंगठा आणि तर्जनीत केसांचा झुबका धरायचा, पीळ द्यायचा, मुळापासून ओढायचा. गोकुळनं पाहिलं आणि तो थक्क झाला. इतक्या वर्षांत त्यालाही इतकं साफ जमलं नव्हतं. तीन दिवसांत एक दगड गुलाबी दिसायला लागला.

आठ दिवसांत तो पुन्हा हिरवा झाला.

झुंबरबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. रागानं नव्हे, विचारानं. संध्याकाळी त्या पडवीच्या पायरीवर बसल्या आणि टाकीत काय काय पडतं ते लेकाला मोजायला लावलं.

"खाणं किती?"

"चिमूटभर. त्येबी दिवसाआड."

"उजेड?"

"आठ तास."

"आन् पाणी?"

"पाणी काय आये, त्ये उडून जातं. मीठ खाली ऱ्हातं. म्हणून वरून गोडं पाणी घालायचं. ऊन वाढलंय, आता रोज अर्धी बादली लागती."

"कुठलं घालतो?"

गोकुळ हसला. "कुठलं म्हंजे? आपल्या विहिरीचं. आबाच घालतात की सकाळी."

इथं जरा थांबायला हवं, कारण ह्या घरात विहीर ही साधी गोष्ट नव्हती. लग्नानंतर पाचव्या वर्षी गेणभाऊंनी, म्हणजे गोकुळच्या आबांनी, ती खणायला घेतली. सुरुंग त्यांनी लावले, दगडमातीच्या पाट्या झुंबरबाईंनी ओढल्या. आठ परसावर, म्हणजे आठ पुरुष खोलीवर, पाणी लागलं तेव्हा गेणभाऊ खाली उभे राहून लहान पोरासारखे रडले होते. त्या पाण्याची गोडी पंचक्रोशीत गाजली. दारात कुणीही आलं, अगदी वीजबिलाचा माणूस जरी, तरी गेणभाऊ आधी तांब्या पुढं करणार: "घ्या पावणं, अमृत हाय." टाकी आली तशी त्यांनी माशांनाही पाहुण्यांतच धरलं. रोज पहाटेची पहिली बादली विहिरीतून त्यांची, असा नेमच पडला.

झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढं विहिरीजवळचा तो पाट आला, जिथं पाइप गळायचा. तिथलं गवत बाकीच्या बांधापेक्षा नेहमी काळंभोर, तरारलेलं. कुणी कधी मूठभर खत टाकलं नव्हतं तिथं.

खताची परीक्षा करायची त्यांची एक पद्धत होती. कुठलंही नवं औषध, नवं पोतं घरात आलं की त्या एक वाफा राखून ठेवायच्या. बाकीच्या रानाला टाकायचं, त्या वाफ्याला नाही. दुकानदार काय सांगतो, छापील कागद काय सांगतो, त्याला महत्त्व नाही. वाफा सांगेल ते खरं.

"गोकुळ, ज्यात कायबी न्हाई असं पाणी असतं का रं?"

"असतं की. बॅटरीत घालायचं." भारनियमनामुळं दिवसाचे सहा-सात तास वीज जायची, म्हणून टाकीच्या पंपाला इन्व्हर्टर होता, त्याच्या बॅटरीसाठी शुद्ध पाण्याचा कॅन घरात असायचाच.

झुंबरबाईंनी लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घासून घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत बॅटरीचं. दोन्हींत टाकीसाठीचं समुद्री मीठ सारख्याच मापानं. दोन्हींत शेवाळाची सारखीच चिमूट. आणि दोन्ही एकाच खिडकीत, एकाच उन्हात. नूतननं विचारलं, "आत्याबाई, ह्ये कसलं लोणचं?" तर म्हणाल्या, "मुरलं की सांगते."

दहाव्या दिवशी लोणचं मुरलं. विहिरीच्या पाण्याच्या बरणीत हिरवी दाढी लोंबत होती. बॅटरीच्या पाण्यातली चिमूट पिवळी पडून तळाला बसली होती.

गोकुळनं बरण्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच्याकडं पाणी तपासायची छोटी पेटी होती. थेंब टाकले की रंग येतो आणि रंगावरून खताचा अंश कळतो. टाकीचं पाणी त्यानं शंभरदा तपासलं होतं. बादलीचं एकदाही नाही. टाकीत येणारं खत शेवाळच फस्त करायचं, म्हणून तिथं रंग कधी आलाच नव्हता. विहिरीच्या पाण्यात त्यानं थेंब टाकले. नळी बघता बघता लालभडक झाली.

आता सगळ्यात अवघड प्रवेश. हे गेणभाऊंना सांगायचं कुणी?

दुसऱ्या दिवशी उजाडताना गेणभाऊ बादली घेऊन पडवीत आले. झुंबरबाई टाकीपुढं उभ्या. त्यांनी बादलीच्या काठावर हात ठेवला.

"अवं, थांबा. ह्ये पाणी नका घालू."

"का? काय मेलं का काय विहिरीत?"

"न्हाई. पण ह्या पाण्यावरच त्ये तण पोसतंय."

गेणभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "माझ्या विहिरीला नाव ठिवती? तू?"

"तुमची? आन् पाट्या कुणी वढल्या? इकडं या, ह्या बरण्या बघा. आवो, विहीर वंगाळ न्हाई. तीस वर्षं आपुन रानात पोत्यानं खत वतलं. पिकानं खाल्लं त्येवढं खाल्लं, बाकीचं विहिरीनं सांभाळून ठिवलं. आता ती माउली समद्यांना वाढती. टमाट्याला वाढती, गवताला वाढती, ह्या शेवाळालाबी वाढती. तिला बिचारीला काय ठावं, पंगतीला कोण बसलंय?"

गेणभाऊंनी बादली खाली ठेवली. बांधाबांधानं निघून गेले. त्या दिवशी चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण टाकीकडं पाठ करून बसले. झुंबरबाईंनी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. ज्या माणसाबरोबर आठ परस खोल उतरलं, त्याचा तळ त्यांना ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या एसटीतून गेणभाऊ उतरले. दोन्ही हातांत बॅटरीच्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन. घामानं सदरा चिंब. पडवीत कॅन ठेवले आणि टाकीकडं बघत म्हणाले, "ज्या पावण्याला जे मानवतं त्ये वाढावं. त्येच्यात घरधन्यानं रुसू न्हाई." आणि त्या हंगामात टोमॅटोला त्यांनी हिशेबातली दोन पोती कमी टाकली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. झुंबरबाईंनी गोठ्यात शिल्लक राहिलेल्या पोत्यांवरून ते ओळखलं.

मग सुरू झाली खरी खुरपणी. दर आठवड्याला टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी काढायचं आणि कोऱ्या पाण्यात मीठ मिसळून भरायचं. निघतील ते दगड टबातल्या खाऱ्या पाण्यात ब्रशनं घासायचे. न निघणाऱ्या दगडांवर झुंबरबाईंचा डावा हात. त्यांनी आणखी एक सुधारणा केली. डाव्या हातानं केस उपटायचे आणि उजव्या हातात बारीक नळी धरायची, म्हणजे उपटलेला प्रत्येक धागा लगेच पाण्याबरोबर बाहेर बादलीत. "उपाटलेलं तण वाफ्यात टाकलं तर तुमी खुरपलं न्हाई, पेरलं," असं त्या म्हणायच्या.

एक दिवस गोकुळनं मुंबईहून टेम्पोवाल्याच्या हाती एक पिशवी मागवली. ओल्या कागदात बारा समुद्री गोगलगायी. शेवाळ खाणाऱ्या. झुंबरबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"म्हंजे जल्मभर ज्या चिमटीत धरून मिठात टाकून मारल्या, त्या तू पैसं देऊन आनल्या? आन् सोडनार कशात, तर मिठाच्याच पाण्यात?"

"आये, ह्या समुद्राच्या. ह्यांना मीठ मानवतं."

"सासरी गेल्यात म्हन की! मग काम करून खातील."

खाल्लं त्यांनी. काच लखलखली. श्रावण सरला तेव्हा मोठी जावळं गेलेली होती. पण एक हिरवी झाक कोपऱ्याकोपऱ्यांत दबा धरून होती, आणि छत्री अजून मिटलेलीच. भादव्यात गोकुळनं माळ्यावरची निळी पिंपं खाली काढून धुवायला घेतली. झुंबरबाईंनी पाहिलं.

त्यांनी त्याला हाताला धरून मळ्यात नेलं. टोमॅटोच्या ओळींच्या कडेनं झेंडूच्या रांगा फुलल्या होत्या.

"ह्यो झेंडू कशाला लावतात आपल्याकडं?"

"टमाट्याची अळी झेंडूवर जावी म्हणून."

"मग तुझ्या शेवाळाला झेंडू कुठाय? त्येला जायाला जागाच न्हाई, तर त्ये छत्रीवरच बसनार. त्येला वाफा दे. उजेड दे, पाणी दे, म्हनावं हितं राज्य कर. आन् मंग दर आठवड्याला त्येचं राज्य खुरपून काढ."

गोकुळ तिथंच उभा राहिला. हॉटेलात कुणीतरी असा काही प्रकार एकदा बोललं होतं. तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं. तो धावतच घरी आला. टाकीच्या मागं एक प्लास्टिकचा खोका बसवला. त्यात शेडनेटचा एक तुकडा उभा ताणला, घासून खरखरीत केलेला. पंपाचं पाणी त्यावरून सारखं वाहत राहील अशी नळी जोडली आणि त्याच्याजवळ एक चांगला उजेडाचा दिवा लावला. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात जाळी पिवळट झाली. तिसऱ्यात तिच्यावर असं दाट हिरवं रान माजलं, की झुंबरबाईंनी खुरप्याच्या पात्यानं ते खरवडून काढलं आणि पिळून गांडूळखताच्या खड्ड्यात टाकलं. आणि टाकीतल्या कोपऱ्यांत? तिथं आता खायलाच काही उरलं नव्हतं. दगडांची गुलाबी, जांभळी कातडी वर आली.

नवरात्राच्या आठव्या माळेला, सकाळी दहाच्या सुमाराला, नूतनची हाक आली. सगळे धावले. मिटलेल्या छत्रीच्या कडेनं बारीक बारीक बोटं बाहेर येत होती. एक, पाच, पन्नास. दुपारपर्यंत ती पुरी उघडली, जेवणाच्या ताटलीएवढी, आणि प्रवाहात अशी डोलायला लागली की वाटावं, ढोलकीवर थाप पडलीय. सोंगाड्यांची जोडी आली, तिच्याभोवती एक गिरकी घेतली आणि सावलीत शिरली. गेणभाऊ टोपी काढून उभे होते. टाळ्या वाजवायच्या असतात हे त्या पडवीत कुणाला सुचलं नाही. पण मंडळी, भरलेल्या तंबूत तीन हजार माणसं उठून उभी राहतात तेव्हाही एवढी मोठी दाद मिळत नाही.

दसऱ्याच्या दिवशी हॉटेलातून फोन आला. झुंबरबाई आत पुरण वाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"न्हाई साहेब," गोकुळ म्हणत होता, "जमायचं नाही. माझ्या घरच्या टाकीला माणूस लागतं." मग म्हणाला, "न्हाई न्हाई, एकट्यानं नाही होत. आई शिकवतीय अजून."

पाटा पुन्हा सुरू झाला. जरा जोरातच.

दोन दिवसांनी सावळाराम बांध ओलांडून आले, मागं पाहुण्यांचा घोळका. "वयनी, पावणं आल्यात आमचं. त्येंना समुद्र दावायचा व्हता."

"दावा की. चपला भाईर काढा. आन् शेवाळाचा भाव इचारू नका, औंदा पीक गेलंय."

सावळाराम सगळ्यांत जास्त हसले. पुढं वर्षानुवर्षं ते कुणालाही घेऊन यायचे आणि टाकी आपणच बांधल्यासारखी समजावून सांगायचे. झुंबरबाईंनी त्यांना कधी अडवलं नाही. जुन्नरच्या एका शाळेची मुलं एसटी करून आली, तेव्हा मुलांना बरण्यांची गोष्ट सांगितली ती मात्र बाईंनी स्वतः, पाटावर उभं राहून. हात पाण्यात, बांगड्या कोपरावर.

पाच वर्षं हा खेळ अखंड चालला. दोन हजार नऊच्या मार्गशीर्षात बाई थकल्या. छातीनं साथ सोडली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी माजघर नाकारलं आणि बाज पडवीत टाकायला लावली, टाकीसमोर. सकाळचं ऊन होतं. गेणभाऊ उशाशी बसले होते. गोकुळ टाकीची काच पुसत होता. छत्री पूर्ण उघडलेली, तिच्याखाली सोंगाडे. बाईंनी डोळे मिटले होते. मग ते उघडले, बारीक केले, जसे पहिल्या दिवशी केले होते तसे. डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि बोट टाकीच्या खालच्या कोपऱ्याकडं वळलं.

"गोकुळ, त्या कडंला येक काडी हिरवी दिसती. आत्ताच काढ, उद्यावर टाकू नगं."